थर बसेपर्यंत

तिला मी आधी पाहिलं नाही, ऐकलं. वरच्या खोल्यांत नवं बिऱ्हाड आलं आणि माझ्या छतावर पावलं फिरू लागली. खिडकी ते दार, दार ते खिडकी. जिन्यात भेटली तेव्हाही एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायात चप्पल सरकवत, तोंडात किल्ली धरून हसली. शाळेत अशा मुलींना मी भिंगरी म्हणत असे. हिलाही तेच नाव पडलं.

अशा बाईला काम मिळालं ते थांबण्याचं. तिच्या कामावर इतर कारखान्यांतून वापरून टाकलेलं आम्ल येतं, त्यात तांबं विरघळलेलं असतं. ते आम्ल आणि एक खास तेल टाकीत एकत्र ढवळायचं. तांबं आम्ल सोडून तेलात जातं. मग ढवळणी बंद करून गप्प बसायचं. तेल वर येतं, आम्ल खाली बसतं. मधली रेघ स्वच्छ दिसली की खालची झडप उघडून आम्ल काढायचं. तेलातलं तांबं पुढच्या टाकीत सोडवून घेतात.

"बाई, दिवसभर त्या रेघेची वाट बघायची. जीव नुसता कासावीस होतो," ती म्हणायची.

नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. घर तिच्या पगारावर चाललं होतं. एका संध्याकाळी ती खाली आली, पण बसेना. काम लवकर उरकावं म्हणून तिने ढवळणीचा वेग वाढवला होता. तेल आणि आम्ल इतकं बारीक घुसळलं गेलं, की टाकीभर फिकट निळं दूध झालं. रेघेचा पत्ता नाही.

"फोरमन काय म्हणाले?"

"म्हणाले, लोणी काढायला ठेवलंय का तुला इथं? उद्या दुपारपर्यंत थर बसले नाहीत तर तू घरी बस."

"आता उपाय काय?"

"टाकीला थोडी ऊब द्यायची आणि हात लावायचा नाही. तेच तर जमत नाही मला."

एवढ्या वेळात तिने माझ्या फडताळातले डबे पुसून उलटसुलट लावूनही टाकले होते. वरून नवऱ्याने हाक दिली, "बाई, जरा वेळ तिथंच ठेवून घ्या तिला. इथली फरशी झिजली."

दुसऱ्या दिवशी ती हात काखेत दाबून टाकीपाशी उभी राहिली. दुपारी फोरमन आले. वर तेल सुटलं होतं, खाली आम्ल. मधे अजून दुधाळ पट्टा.

"दुपार झाली. उघड झडप," ते म्हणाले.

"आत्ता उघडली तर तेलही वाहून जाईल. मला काढायचं तर काढा, पण झडप नको."

फोरमननी तिच्याकडे पाहिलं, आणि स्टूल ओढून तेही बसले. संध्याकाळी रेघ आली.

नोकरी टिकली. आता झडप तिच्या ताब्यात आहे. ढवळणीच्या वेगाचं बटण मात्र फोरमननी अजून तिच्या हाती दिलेलं नाही.