माझ्या पोटाचे पाच नमुने

“कॅन्सर नाही,” डॉक्टर मॅडमनी आधी तेवढंच सांगितलं. मी श्वास सोडल्यावर त्यांनी पुढचं वाचलं. “इंटेस्टायनल मेटाप्लेझिया आहे.” म्हणजे वर्षानुवर्षांच्या सुजेमुळे माझ्या जठराचं अस्तर काही ठिकाणी आतड्याच्या अस्तरासारखं झालं होतं. “यातल्या बहुतेकांना पुढे काही होत नाही. काहींना कॅन्सर होतो. तुमच्या वडिलांना झाला होता, म्हणून तुमच्यावर लक्ष ठेवायचं.”

पनवेलच्या त्या केबिनमध्ये मी घाबरलो होतो, हे खरं. पण अभिमानही वाटत होता, कारण तो रिपोर्ट मी हट्टानं मिळवला होता.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी बावीस वर्षं सॅम्पल काढतो. टँकर आला की ड्रायव्हरला घाई असते. पण वरचं, मधलं आणि तळाचं अशी तीन सॅम्पलं काढल्याशिवाय मी टँकर रिकामा होऊ देत नाही. पाणी मिसळलेलं असलं तर ते तळाला बसतं, वरचं सॅम्पल कितीही छान दिसो. ड्रायव्हर शिव्या घालतात. घालू देत.

पोटाची जळजळ मात्र मी कँटीनच्या जेवणावर ढकलली होती. सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची एक कॅप्सूल घ्यायची आणि कामाला लागायचं, असं चार वर्षं चाललं. माझे वडीलही “पित्त हाय” म्हणत राहिले होते. तपासणी झाली तेव्हा जठराचा कॅन्सर सगळीकडे पसरला होता. महिन्याभरात गेले. मी एकोणीस वर्षांचा होतो.

यंदा माझं वजन उतरलं तेव्हा बायकोनं, सुनंदानं, मला ओढतच नेलं. एंडोस्कोपी झाली. यात तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून पाहतात. बायोप्सीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, एक बारीक तुकडा काढला. रिपोर्ट आला: साधी जुनाट सूज, जंतू नाहीत. सुनंदानं देवापुढे साखर ठेवली. मी रिपोर्ट तीनदा वाचला. तुकडा एकच होता, जठराच्या खालच्या टोकाचा.

“एवढं मोठं पोट आणि एकच सॅम्पल?”

“तुमची कंपनी गेटबाहेर ठेवून येत जा घरात,” सुनंदा म्हणाली. “चांगला रिपोर्ट आलाय तर गप बसा.”

मी गप बसलो नाही. पनवेलच्या या डॉक्टर मॅडमकडे गेलो. जुनाट सुजेच्या कुठल्या रुग्णाला पुढे धोका जास्त, हे तुकड्यांवरून आणि रक्तावरून लवकर कसं ओळखायचं, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. मी चाचरत माझी शंका विचारली. त्या हसल्या नाहीत.

“बरोबर आहे तुमचं. हा बदल सगळीकडे सारखा नसतो. पाच ठिकाणचे तुकडे घ्यायला हवेत.” मग म्हणाल्या, “ॲसिडिटीची कॅप्सूल घेता का? पहिल्या तपासणीआधी बंद केली होती?”

नव्हती. घेतो, हेसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठरात राहून सूज आणतो. अशा कॅप्सूलमुळे तो दडून बसतो आणि तपासणीत सापडत नाही. माझं सॅम्पल मीच बिघडवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! तुम्ही ही चूक करू नका. मेडिकलमधून स्वतःच आणलेली गोळी असली तरी डॉक्टरांना सांगा आणि ती किती दिवस बंद ठेवायची, हेही त्यांनाच विचारा.

मला दोन आठवडे बंद ठेवावी लागली. छाती पेटायची. थंड दुधावर दिवस काढले. संशोधनाच्या संमतीपत्रावर सही केली. पुन्हा एंडोस्कोपीसाठी टेबलावर आडवा झालो आणि पाहिलं, तर पाचही बाटल्यांवर जागांची लेबलं आधीच चिकटवलेली. मन खूश झालं. घसा स्प्रेनं बधिर होता, म्हणून मी नर्सबाईंना अंगठा दाखवला.

रिपोर्टला दहा दिवस लागले. ते दहा दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. खालच्या टोकाच्या तुकड्यांत पुन्हा साधी सूजच होती. अस्तर बदललेलं सापडलं ते जठराच्या त्याहून वरच्या भागातल्या दोन बाटल्यांत. जंतूही सापडला.

चौदा दिवस अँटिबायोटिक्स घेतली, तोंड कडू झालं. त्यानंतर महिनाभर थांबून ब्रेथ टेस्ट, म्हणजे पिशवीत फुंकर मारायची तपासणी. जंतू गेला होता. अस्तर पूर्वीसारखं होईलच असं नाही, म्हणून तीन वर्षांनी पुन्हा नळी घालायची आहे. मी जाणार आहे. थोरल्या बहिणीलाही तपासायला पाठवलं. डॉक्टर मॅडमचे उपकार आहेतच, पण माझी शंका त्यांनी ऐकून घेतली, याचे जास्त आहेत.

गावी आईला मात्र काहीच सांगितलं नव्हतं. शेवटी सुनंदा म्हणाली, तुम्हीच सांगा. गावी गेलो तेव्हा आई ओटीवर सुकट निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

“तुला हाय का त्यो रोग?”

“नाय, आये. होऊ नये म्हणून बघतात.”

“तुज्या बापाच्या येलेला आमी डाक्टरला कायच इचारला नाय,” ती म्हणाली. “भ्यायचो.”

तिनं पदराला हात पुसले, उठली आणि समोरच्या घरातल्या बाईंना अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

“अगो, आयकलास का? माज्या पोरानं डाक्टरला इचारला!”