मेमरीला लागलेलं कुंकू

दसरा झाला आणि माझा कॉम्प्युटर बिथरला. ऐन मीटिंगमध्ये स्क्रीन निळा व्हायचा आणि सगळं बंद. घरून करायची ही नोकरी नवीन होती, अजून कायम व्हायची होती. पुन्हा पुन्हा असं झाल्यावर साहेब फोनवर गोड आवाजात म्हणाले, "असंच चाललं तर आम्हाला विचार करावा लागेल." गोड आवाजाचीच मला जास्त भीती वाटते.

शेवटी रविवारी मेमरी टेस्ट लावली. हा प्रोग्राम मेमरीच्या कप्प्याकप्प्यात काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचून बघतो. जुळलं नाही की लाल ओळ. इथे तर लाल ओळींची रांगच लागली. सासरे शेजारी खुर्ची ओढून बसले होते. ओझरच्या कारखान्यात लेथवर त्यांचा जन्म गेला. यंत्र तपासलं जात असताना त्यांना उठवत नाही.

"लाल म्हणजे वाईट का गं?"

"हो बाबा. मेमरीच्या दोन पट्ट्यांतली एक गेलीय बहुतेक."

मी कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली. पहिली पास झाली. दुसरी नापास. ती काढून उजेडात धरली, तर तिच्या सोनेरी दातांवर कुंकू वाळून बसलेलं.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, हे काय?"

"खंडेनवमीला पट्टी काढून लावलं," ते म्हणाले. "कव्हरला कुंकू लावून काय उपयोग? आम्ही लेथचं गार्ड काढून आतच लावायचो. तूच म्हणाली होतीस, सगळं काम मेमरीवर चालतं. म्हटलं, पोरीची नोकरी पक्की होऊ दे."

राग कुठल्या कुठे गेला, रडूच आलं. खोडरबर त्यांनीच शोधून आणलं आणि पट्टीचे दातही त्यांनीच घासले, अगदी हलक्या हाताने. टेस्ट पुन्हा लावली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं चहा पीत स्क्रीनकडे बघत बसलो. एकही लाल ओळ आली नाही. पुढे नोकरीही पक्की झाली.

यंदा खंडेनवमीला त्यांनी पेटीला हात लावला नाही. मला खुर्चीत बसवलं, हात पुढे करायला सांगितले आणि दहाही बोटांना हळदकुंकू लावलं. मी कामाला बसले तेव्हा कीबोर्डवर लाल ठसे उमटले. ते मी दिवसभर पुसले नाहीत.