पाऊस कुणाला देऊ?

माझ्या गळ्यात 'ऊस' होता.

पुठ्ठ्याची पाटी, दोन भोकं, त्यात सुतळी. मी पहिलीत. जयसिंगपूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत त्या दिवशी गॅदरिंग होतं आणि बाईंनी पहिलीचा शब्दांचा खेळ बसवला होता. प्रत्येकाच्या गळ्यात एक शब्द. शिट्टी वाजली की ज्यांच्या शब्दांचा शेवट सारखा, त्यांनी एकमेकांना शोधायचं आणि हात धरून उभं राहायचं. मोर, चोर, दोर. भात, हात, दात. मग शब्द मोठ्यानं वाचायचे आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या.

शिट्टी वाजली. सगळे पळाले. मी जागेवरच. उसाला जुळणारा शब्द बाईंनी कुणालाच दिला नव्हता.

तालमीच्या वेळीच मी विचारलं होतं. असले शब्द मला आपोआप सुचायचे. मी म्हणाले, "बाई, पाऊस जुळतोय की. कापूस बी जुळतोय."

बाई हसल्या. दुसरीच्या बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "जुळतोय. पण पाऊस कुणाला देऊ? कुणाची आई ऐकून घेईल?"

मग माझ्याकडं वळून, गोड आवाजात, "तू एकटी उभी राहा हं. उठून दिसशील."

सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असं लोक म्हणतात. सगळं कळतं. आमचं घर बौद्धवाड्यात. माझा हात कुणाला धरायला लागू नये म्हणून बाईंनी मला बिनजोडीचा शब्द शोधून दिला होता. कुणी शिवी दिली नाही. कुणी ढकललं नाही. तशी वेळच येऊ नये याची बाईंनी काळजी घेतली होती.

आई मागं उभी होती, चपलांपाशी. दुसऱ्याच्या रानातली तण काढायची भांगलण सोडून आली होती. मी एकटीनं 'ऊस' वाचलं तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तिनं वाजवल्या. घरी जाताना भेटेल त्याला सांगत होती, "माझी पोरगी एकटीच उभी हुती. बाईनी मान दिला तिला." खरं काय ते मी तिला कधीच सांगितलं नाही. आई आता नाही. शेवटपर्यंत तिला तो मानच वाटला. त्या टाळ्या आठवल्या की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आता मी कोल्हापुरात एका संस्थेच्या शाळेत पहिलीला शिकवते. कंत्राटी. आणि तोच खेळ घेते. कारण पोरं त्यानं वाचायला लागतात. एकेक अक्षर सुटं वाचून दमलेलं पोर 'चूल' वाचता आलं की 'फूल', 'मूल' धडाधड वाचतं. पहिलं अक्षर बदललं की झालं. शेजारच्याचा हात धरून ओरडलं की शेवट कानात पक्का बसतो. खेळात खोट नव्हती. मग मी तो का सोडू?

यंदा माझ्या वर्गात प्रांजल आहे. मोफत जागेवर आलेली. वडील घंटागाडीवर कचरा गोळा करतात. दिवाळीपर्यंत ही पोरगी अक्षरावर बोट ठेवून गप्प बसायची. या खेळात तिची जीभ सुटली. तिला 'पाऊस' आला. 'ऊस' शर्वरीनं उचलला. शर्वरी म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांची नात. दोघी रोज हात धरून वर्ग डोक्यावर घेतात. डबाही एकत्रच खातात.

उद्या पालकसभा आहे. तिथं हाच खेळ दाखवायचा आहे.

आज दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. चहा मागवला. एरवी त्या मला बसाही म्हणत नाहीत. तिथंच शंकेची पाल चुकचुकली.

"अध्यक्षांच्या घरनं फोन होता. तसं काही म्हणणं न्हाय त्यांचं. शर्वरीची जोडी तेवढी बदला."

"का?"

"आता का काय विचारताय. तुम्हाला कळतंय की." मग आवाज मऊ झाला. "प्रांजलला एखादा वेगळा शब्द द्या. जोडी नसलेला. एकटी उभी राहिली तर उलट उठून दिसंल."

उठून दिसंल. एवढी वर्षं गेली, गाव बदललं, बाई बदलल्या. गोडवा तोच.

"जूनमध्ये तुमची कायमची ऑर्डर काढायची हाय," त्या म्हणाल्या. "सही अध्यक्षांची असती. शहाण्या हायसा तुम्ही."

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. मोठ्या बाईंचं गावचं बोलणं खपतं, माझं खपणार नाही, म्हणून स्टाफरूममध्ये मी छापील बोलत आले, ते याच ऑर्डरसाठी. पण डोळ्यांपुढं आई आली. उद्या प्रांजलची आई तशीच चपलांपाशी उभी राहणार. तशाच टाळ्या वाजवणार. आणि तिच्या पोरीच्या गळ्यातला तो शब्द माझ्या अक्षरात असणार.

"न्हाय," मी म्हणाले.

"काय न्हाय?"

"जोडी बदलत न्हाय मी. त्यांना तो हात नको असंल तर त्यांनी सगळ्यांसमोर येऊन सोडवावा. त्यांच्या वतीनं मी सोडवणार न्हाय."

चहा तसाच ठेवून मी उठले.

शाळा सुटल्यावर प्रांजलच्या आईला फोन केला. माझ्या आईला जे सांगितलं नव्हतं, ते हिला सगळं सांगितलं. फोन आला होता हे, का आला होता हेही. मला वाटलं, ही आता पोरीला घरीच ठेवणार.

मग ती म्हणाली, "बाई, उद्या मी कुठं बसू?"

"म्होरच्या रांगेत."

"मग म्होरंच बसतो मी."

शर्वरीला ते बहुतेक पाठवणार नाहीत. नाही पाठवलं तर 'ऊस' मी माझ्या गळ्यात घालणार आणि प्रांजलचा हात धरून उभी राहणार. शर्वरी का आली नाही असं कुणी विचारलं, तर खरं तेच सांगणार, फोन कुणाच्या घरून आला होता तेही. ऑर्डर त्यांनी खुशाल ठेवून घ्यावी. उद्या शिट्टी मी वाजवणार आहे.