कातळावरचा युरिया

शिनोलीच्या वरच्या अंगाला प्रयागबाईचं कुरण होतं. बाई भारी हेकट. एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. दोन हजार तीन साली तिनं कुरणाला युरिया टाकायचं काढलं, तेव्हा आख्खी वाडी हसली. बटाट्याला युरिया आम्हीही टाकत होतो, पण डोंगरच्या गवताला? डेअरीच्या बैठकीत गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ओल असताना युरिया दिला तर गवत दाट येतं आणि दूध वाढतं. ऐकलं सगळ्यांनी, मनावर घेतलं हिनं एकटीनं. शेजारीण सरूबाई तर तोंडावर म्हणाली, की आता भीमाशंकरच्या रानालाही खत घालून ये.

दोघींचं कधी पटलं नाही, पण गुरं राखायची पाळी एकत्र. एक दिवस ही दोघींची गुरं नेई, एक दिवस ती. सरूबाईची एकच गाय, चांदी, नुकतीच व्यालेली. नवरा गेल्यापासून सरूबाईची चूल त्या गाईच्या दुधावरच पेटायची.

आषाढात ओल बघून प्रयागबाईनं गोण्या वर नेल्या. कुरणाच्या तोंडाशी सपाट कातळ आहे, तिथंच त्या फोडल्या आणि घमेल्यानं युरिया गवतात फेकला. सांडलेला हातानं गोळा केला, खळग्यांत राहिला तो राहिला. याच कातळावर ती दर अवसेला गुरांना खडेमीठ टाकायची. कामाच्या नादात हे तिच्या डोक्यातून गेलं. गुरांच्या डोक्यातून कसं जाईल?

दुसऱ्या दिवशी पाळी तिची होती. खत टाकलेल्या गवतात गुरं शिरू नयेत म्हणून ती वाटेवर काट्या लावत मागं राहिली. वर पोचली तर चांदी आणि तिची स्वतःची तांबडी, दोघी कातळावर खळगे चाटत उभ्या. तिनं काठी हाणून त्यांना हुसकलं, पण जायचं ते पोटात गेलं होतं. थोड्याच वेळात चांदीच्या तोंडाला फेस आला, मागचे पाय लटपटू लागले. मग तांबडीही थरथरायला लागली.

तिची हाक ऐकून आम्ही खालून पळत सुटलो. एकाला मोटारसायकलवर डॉक्टरांना आणायला घोडेगावला पिटाळलं, एकाला वाडीत ताक गोळा करायला. पोटात युरिया गेला तर आंबट पाजा, व्हिनेगर पाजा, असं डॉक्टर त्या बैठकीतच बोलले होते. आमच्याकडं व्हिनेगर कुठलं! कुरणातल्या प्रयागबाईच्या खोपटात आंबट ताक होतं, ते घेऊन ती धापा टाकत आली. कळशीच्या तळाशी जेमतेम एका गाईपुरतं.

दोन्ही गाई आता खाली बसल्या होत्या. पोटं फुगत चालली होती. आमच्यामागून धावत आलेली सरूबाई चांदीच्या गळ्याला मिठी मारून बसली. मी म्हणालो, दोघींना अर्धं अर्धं घाला.

"अर्ध्यानं दोनी जातील," प्रयागबाई म्हणाली. "चांदीचं त्वांड धर."

मी धरलं. ती बाटलीनं पाजत गेली. मागं तांबडी हंबरली. पाडीपासून तिनं हातानं वाढवलेली गाय ती, हाकेला ओ द्यायची. दुसऱ्यांदा हंबरली तेव्हा प्रयागबाईचा चेहरा पिळवटला, पण मान वळली नाही. शेवटचा थेंबही तिनं चांदीलाच घातला.

पुढं लोक बोलले, की अब्रूला भ्याली म्हणून तिनं परक्याची गाय आधी धरली. असेल. अब्रूची भीती कुणाला नसते? पण असल्या वेळी आपली गाय मागं ठेवणारा बोलणाऱ्यांत मला तरी कुणी दिसला नाही.

बऱ्याच वेळानं चांदीनं ढेकर दिली. पुढचे पाय रोवले, पडली, पुन्हा रोवले आणि उभी राहिली. सरूबाई रडत म्हणाली, "प्रयागे, ताक येतंय खालनं. आता तुजीला बघ."

"ती मगाशीच गेली गं," प्रयागबाई म्हणाली. "आलेलं ताक बी हिलाच पाज."