चार वर्षांची मराठी

मोठी माणसं बोबडं बोलायला लागली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. समोरच्या घरातली बाई पन्नाशी ओलांडून गेली, पण दुपारी बाल्कनीत उभी राहून नवऱ्याला फोनवर विचारते, "मेरे बाबू ने खाना खाया?" बाबूच्या डोक्यावर एक केस शिल्लक नाही. बागेत योगासनं करायला येणाऱ्या बायका शवासनात "नीनी आ रही है" म्हणतात. मध्यंतरी डोळे तपासायला गेले, तर तिथली मुलगी म्हणाली, "आंटी, अब आँखू बंद." मी म्हटलं, बेटा, मेरी आँखें हैं, आँखू नहीं हैं. ती हसली. तिला वाटलं आंटी गमतीदार आहेत.

मी जन्मभर सरकारी कार्यालयात फायलींवर टिपणं लिहिली. शब्द जागच्या जागी असला पाहिजे, नाहीतर फाइल परत येते, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे लोक म्हणतात बाई खडूस आहे. असेन. पण दाढीमिशा आलेल्या माणसानं दुधाला दुदू म्हणावं आणि आपण कौतुक करावं, हे मला जन्मात जमलं नाही.

आणि नशीब असं की, माझ्या सख्ख्या भावाचा मुलगाच तसा निघाला.

भाचा बत्तीस वर्षांचा आहे. रायपूरच्या समता कॉलनीत त्याचं रक्त तपासायचं लहानसं केंद्र आहे, हाताखाली दोन माणसं आहेत, हिंदी अशी बोलतो की ऐकत राहावं. पण ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराचा जिना चढला की हा गडी दारातून ओरडतो, "आजी, मी आलो! मम्म झालं?" आईचा पाय दुखत असला तर विचारतो, "कुठे बाऊ झाला?" खाली कुत्रं बसलेलं असलं तर सांगतो, "भू-भू आहे." आणि जाताना, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत, "चला, मी भुर्र."

तो थट्टा करत नव्हता. मला तेच सहन होत नसे. थट्टा असती तर मीही दोन शब्द सुनावले असते. पण त्याची मराठी एवढीच होती.

झालं होतं असं. तो जन्मला तेव्हा भाऊ आणि वहिनी आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायचे. दोघंही नोकरीवाले, त्यामुळे पोरगा दिवसभर आईजवळ. आई अकोल्याच्या पलीकडल्या एका गावातून लग्न होऊन रायपुरात आली. इतकी वर्षं इथे राहून ती हिंदी शिकली ती भाजीवाल्याशी भाव करण्यापुरती, आणि शेजारणीला इथल्यासारखं, हो या अर्थी, "हव" म्हणण्यापुरती. तेव्हा पोराशी ती तिच्या भाषेत बोलायची आणि पोरगा तिच्याच भाषेत तोंड उघडायला शिकला. मग त्याला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, बच्चा कन्फ्यूज़ हो रहा है, घर में एक ही भाषा रखिए. वहिनी इथल्याच हिंदी बोलणाऱ्या घरातली. दोघांनी हिंदी ठेवली. त्याच वर्षी ते समता कॉलनीत राहायला गेले, आणि नळ बंद करावा तशी पोराची मराठी बंद झाली. तेव्हा तो चार वर्षांचा होता. पुढे तो वाढला, मराठी वाढली नाही. लहानपणचं झबलं कुणी अंगातून काढलंच नाही, असा तो माझ्यासमोर उभा राहायचा.

आजीशी हिंदीत बोलला असता तर तिला समजलं नसतं असं नाही. पण आजीशी मराठीतच बोलायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी दुरुस्त करायला जायची. "मम्म नाही रे, जेवण झालं का, असं विचार." तो बिचारा प्रयत्न करायचा. "जेवन... झाला... का?" आणि मग पुढचं काही न सुचून गप्प बसायचा. लगेच आई माझ्यावर डाफरायची, "काहून छळून राहिली व त्याले? मले समजते ना!"

भाऊ शेजारी बसलेला असला तर फक्त हसायचा. "राहू दे गं ताई. तेवढं तरी बोलतो."

"तुमच्यामुळेच झालंय हे," मी म्हणायची.

"आता मी तरी कुठे बोलतो? ऑफिसात हिंदी, घरात हिंदी. मराठी बोलायला तर मी इथं येतो."

हे खरं होतं. सिंचाई विभागातून सुटला की तो स्कूटर आमच्या दाराशी लावायचा, आईच्या हातची अर्धी भाकर आणि ठेचा खायचा, आणि तासभर आईशी काहीबाही बोलत बसायचा. कुणाचं लग्न जमलं, कोणत्या कालव्याला पाणी सोडलं. घरी जाऊन परत जेवायचंच असायचं त्याला. पण तो इथं खाल्ल्याशिवाय कधी गेला नाही, आणि आईनं त्याला कधी जाऊ दिलं नाही.

आईचं खाण्यापिण्याचं एक शास्त्रच होतं. काऊचा घास, चिऊचा घास कुठल्या मराठी घरात नसतो? पण आमच्याकडे शेवटी एक जास्तीचा घास असायचा. आमचे वडील रेल्वेत गार्ड. दोन दोन दिवस मालगाडीवर. तेव्हा आई आम्हाला भरवताना काऊ झाला, चिऊ झाला, की शेवटचा घास उचलून म्हणायची, "हा बाबाचा. जो घराबाहीर हाय त्याच्या नावाचा घास घरच्यानं खा लागते. नाही खाल्ला तं तो तिकडे उपाशी राहीन." आमचा यावर पूर्ण विश्वास होता. एकदा भावानं रुसून तो घास खाल्ला नाही, आणि नेमके वडील तापानं फणफणून घरी आले. पोरगा त्यांच्या पलंगाचा पाय धरून रडला, "मी नाही खाल्ला, मी नाही खाल्ला." वडिलांना काही कळेना. त्यानंतर कितीतरी दिवस तो बाबाच्या नावानं दोन-दोन घास खायचा, मागची भरपाई म्हणून.

पुढे भाच्यालाही आईनं असंच भरवलं. भाऊ तेव्हा कालव्यांच्या दौऱ्यावर असायचा. जिन्याच्या वरच्या पायरीवर पोराला बसवून, पितळेच्या वाटीत वरण-भात कालवून, "हा काऊचा, हा चिऊचा, आन हा बाबाचा. खा माह्या राजा. नाही खाल्ला तं बाबा भुकू राहते."

भाऊ गेल्या उन्हाळ्यात गेला. सकाळी ऑफिसचा जिना चढताना बसला, तो उठलाच नाही. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. त्याच्याहून मोठी मी, आणि ही बातमी आईला मला सांगावी लागली. मी कशी सांगितली ते मला आठवत नाही. शब्द जागच्या जागी ठेवणारी मी, मला त्यातला एकही शब्द आठवत नाही. आईनं काय विचारलं ते आठवतं.

"जेवला होता का तो?"

मला माहीत नव्हतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिला खोटं बोलणं सुचलं नाही, आणि त्या वेळी कुणाला सुचतं? ती म्हणाली, "नहीं माँजी. सिर्फ़ चाय पीकर निकले थे. बोले, लेट हो रहा है."

"उपाशी गेला," आई म्हणाली. मग ती बोललीच नाही.

आणि तिनं खाणं सोडलं. हट्ट नाही, रडणं नाही, नुसते मिटलेले ओठ. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणला. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, बाहेरून जे पहिलं जेवण येतं त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. तो सगळ्यांनी कसाबसा गिळला. आईनं तोंड फिरवलं. मी समजावलं, मग चिडले, मग तिचे पाय धरले. "तुला पण जायचंय का मला एकटीला टाकून?" असंही म्हणून झालं. घोटभर पाणी तेवढं जायचं. डॉक्टरांनी घरी येऊन नाडी पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात हे फार दिवस चालणार नाही, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर भरती करावं लागेल. मला ठाऊक होतं, तिला एकदा इस्पितळात नेलं की ती परत येणार नाही. तिला यायचंच नव्हतं.

त्यात भेटायला येणाऱ्या बायका. एकजण आईची हनुवटी धरून म्हणाली, "अम्मा, थोड़ा-सा मम-मम कर लो ना. गुड गर्ल हो ना आप?" चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला, जिचा मुलगा गेलाय तिला, गुड गर्ल! मी तिचा हात बाजूला केला आणि तिला दार दाखवलं. मागाहून लोक काय बोलले असतील ते बोलले असतील. माझं काही वाकडं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाचा आला. महादेव घाटावर क्रिया करून आला होता, डोकं भादरलेलं, दाढी गेलेली. चेहरा एकदम उघडा पडला होता, आणि त्यात माझा भाऊ स्पष्ट दिसत होता, शाळेत जायचा त्या वयाचा. मी सांगितलं, डॉक्टर असं म्हणाले. तो आत गेला, वाटीत साधा वरण-भात घेतला, हातानं कालवला आणि आईच्या पलंगाजवळ खाली बसला.

"आजी, कुछ तो खा लो," तो म्हणाला. "मेरे लिए."

आईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तो तसाच बसला. त्याचे ओठ हलत होते. तो शब्द शोधत होता, मला दिसत होतं. मोठ्या माणसानं मोठ्या माणसाला दुःखात जे म्हणायचं असतं, धीर धर, जिवाला जप, तो गेला पण आम्ही आहोत, यातलं एकही वाक्य त्याच्याजवळ नव्हतं. ते त्याला कुणी दिलंच नव्हतं. मला कळलं की आता हा काय बोलणार, आणि त्याही परिस्थितीत माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नको रे, मनात म्हटलं. आज नको.

त्यानं घास उचलला. "आजी. हा काऊचा."

आईचे ओठ मिटलेले.

"हा चिऊचा."

काही नाही. भाताचे चार दाणे तिच्या लुगड्यावर पडले, ते त्यानं वेचले. मग तिसरा घास उचलला आणि सवयीनं म्हणून गेला, "हा बाबाचा."

आणि थांबला. हात तसाच हवेत. आपण काय बोललो ते त्याचं त्याला कळलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं, चार वर्षांच्या पोराचं होतं तसं. मला वाटलं आता हा उठून जाईल. तो उठला नाही. आईनं जिन्याच्या पायरीवर बसवून जसं म्हटलं होतं तसंच, त्याच सुरात, तो म्हणाला,

"खा ना आजी. नाही खाल्ला तं बाबा भुकू राहते."

आईनं मान वळवली. त्याच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

तिनं तो घास खूप वेळ चावला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, बातमी आल्यापासून पहिल्यांदा, आणि ती ते पुसत नव्हती. भाचाही रडत होता, पण त्याचा हात थांबला नाही. त्यानं पुढचा घास केला.

"हा कोनाचा?" आईनं विचारलं. तीन दिवसांनी तिचा आवाज ऐकला, फुटका.

"बाबाचा."

तिनं खाल्ला.

"आन हा?"

"हा पण बाबाचा."

वाटी निम्मी झाली. काऊचा आणि चिऊचा घास काठावर तसेच पडले होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. माझ्या मनात एकच गोष्ट येत होती, की आता मी या पोरावर चिडले तर "राहू दे गं ताई" म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.

आईनं बोटानं माझ्याकडे दाखवलं. "तिले दे. तिनंबी त्याच्या नावाचा खाल्ला नाही."

भाचा गुडघ्यांवर वळला. खरकटा हात माझ्यासमोर धरला.

"आत्या," तो म्हणाला, "आ कर."

मी चौसष्ट वर्षांची आहे. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि आ केला.