किल्ल्याला दोरी कुणासाठी बांधलीत?

आणि वर मलाच सांगता, "काकू, समजून घ्या!" काय समजून घेऊ?

माझी नात ओवी, तिला दिसत नाही. शाळेच्या वसतिगृहातून दिवाळीच्या सुट्टीला आलीय. काल सोसायटीच्या किल्ल्याची माती तिनेच पोरांबरोबर मळली, बुरूज थापला. तेव्हा कुणाची हरकत नव्हती.

आज रंग दिला, मावळे मांडले आणि भोवती दोरी बांधली. ओवीने हात पुढे केला तर सेक्रेटरीसाहेब ओरडले, "ए, हात नको लावू! परीक्षक यायचेत. लांबून बघ."

अहो, ती हातानेच बघते!

मग म्हणे, "मुलं सांगतील ना तिला किल्ला कसा झालाय." तुमच्यापुढे फराळाचं ताट ठेवते, खायचं नाही, चव मी सांगते. चालेल?

पोर भांडली नाही. घरी येऊन नखातली माती काढत बसली. मग हळूच विचारलं, "आजी, माझा बुरूज उभा आहे ना गं?"

तिचं तिलाच हाताने बघू द्या.

मावळा पडला तर मी उचलून ठेवीन. भाऊबीज झाली की ती परत जाणार. पाडव्याच्या सकाळपर्यंत दोरी सोडताय की नाही, इथेच ग्रुपवर सांगा. नुसते अंगठे नकोत. हो की नाही, ते लिहा.