मार्केटिंगसाठी लावलेलं साक्षगंध

माझ्या मेहुणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मी एका रविवारी सकाळी, तिला न विचारता आणि नवरदेव नसताना, निव्वळ मार्केटिंगसाठी ठरवलं.

गैरसमज नको. माझा धंदा सभ्य आहे. यवतमाळात बसून मी दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. तुम्ही माझ्याशी वर्षाचा करार करायचा आणि मी तुमचे कॉम्प्युटर बिघडूच द्यायचे नाहीत. कल्पना झकास! अडचण एवढीच, की आमच्याकडे न बिघडलेल्या वस्तूसाठी माणूस बोलावणं हे वेडाचं लक्षण मानतात.

"बिघडलं की फोन करतो ना भाऊ! आता चालू हाये, तं हात कायले लावता?"

हे वाक्य मी पुसदच्या दवाखान्यापासून कळंबच्या कृषी केंद्रापर्यंत सगळीकडे ऐकलं होतं. पत्रकं छापून पेपरात टाकून पाहिली. दुसऱ्या दिवशी चौकातल्या भजेवाल्यानं त्याच पत्रकात मला भजे दिले. (पत्रकाचा कागद चांगला होता. तेल धरून ठेवलं.)

शेवटी मी मोबाइलवर एका कोटवाल्या गृहस्थाचे व्हिडिओ पाहू लागलो. माझ्यासारख्या धंदेवाल्यांना गिऱ्हाईक कसं मिळवायचं ते शिकवायचा. एका व्हिडिओत तो म्हणाला, ओळखीतून शिरा. दुसऱ्यात म्हणाला, गिऱ्हाइकाला त्याचा धोका त्याच्याच डोळ्यांनी दाखवा. दोन्ही औषधं वेगवेगळी घेतली असती तर कदाचित निभावलं असतं. मी ती एकत्र घेतली.

ओळख तयार होती. माझे सासरे, म्हणजे सगळ्या गावाचे मामाजी, नेरच्या एका जिनिंगमध्ये आयुष्यभर कापसाची प्रत पाहायचे. रिटायर झाले तरी तिथले शेठजी त्यांना विचारल्याशिवाय पान हलू देत नाहीत. मामाजींनी माझ्यासाठी शब्द टाकला. शेठजींनी मला बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "जवाईबापू, आमची माणसं लय हुशार हायेत. कोणी फसवू शकत नाही त्यांना."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "शेठजी, मी फसवून दाखवतो!"

"दाखवा. फसले तं करार तुमचा."

आता आमच्या धंद्यात अशी परीक्षा घ्यायची रीत आहे. एक खोटा मेसेज पाठवायचा, सोबत एक फाईल. ज्यानं ती उघडली त्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात येणार : 'तुम्ही फसलात! ही फक्त चाचणी होती.' खाली माझ्या दुकानाचं नाव. किती जणांनी उघडली, ते मला इकडे दिसणार. आमिष मात्र असं हवं की माणसानं विचार न करता बोट दाबलं पाहिजे. विचार करायला वेळ मिळू नये म्हणून आमिष घाईचं हवं, असंही तो कोटवाला म्हणाला होता.

आणि घाईचं काय असतं? साक्षगंध! आमच्याकडे पाहुणे मुलगी पाहायला येतात, पसंत पडली की जेवणाआधीच साखरपुडा उरकून जातात. तेव्हा मी नव्या नंबरवरून जिनिंगच्या सगळ्या ऑफिसला (हंगामात ते रविवारीही चालू असतं) मेसेज टाकला : 'घाईत ठरलं. आज दुपारी घरीच माझी धाकटी कन्या सोनल आणि पुसदचे चि. अमोल यांचं साक्षगंध. पत्रिका सोबत जोडली आहे.' खाली मामाजींचं नाव.

अमोल कोण? कोणीच नाही! मला पुसदला कधी कोणी अमोल भेटलेला नाही.

मग मी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलो. घरी एकटाच होतो. बायको, वर्षा, आईला बरं नाही म्हणून दोन दिवस आधी नेरला गेली होती. पडद्यावर फाईल उघडणाऱ्यांचा आकडा दिसणार होता. शून्य. चहा संपला. शून्य. दुसरा चहा केला. शून्यच! म्हटलं, ही माणसं मोबाइल पाहतात की नाही?

तेवढ्यात वर्षाचा फोन आला.

"अहो, इथं काय चालू हाये? दारात सतरंज्या उतरून राह्यल्या!"

"कोणाच्या?"

"जिनिंगच्या! वजनकाट्यावरचे रफिकभाई भात शिजवायचा मोठा गंज घेऊन आले. म्हणतात, ताईचं एवढ्या घाईत ठरलं, मामाजी एकटे काय काय करतीन? जिनिंग बंद करून आलो म्हणे! अन् कोण हा अमोल?"

माझ्या हातातला कप खाली ठेवायचा राहून गेला. घाईचा मेसेज वाचून माणूस बोट दाबतो, असं तो कोटवाला म्हणाला होता. तो कधी नेरला आलेला नसावा. घाईचा मेसेज वाचून नेरचा माणूस फाईल उघडत नाही. तो गंज उचलतो.

"वर्षा," मी म्हणालो, "त्यांना सांग, गंमत होती."

 मग तिचा आवाज बदलला.

"तुमची हाये का ही गंमत?"

"थोडीशी."

"अहो, आज सोनलले पाहायले कळंबचे लोक येऊन राह्यले! खरे! मुलगा तिले आवडला हाये, फोनवर बोलणं झालं दोघांचं. तुमाले सांगतलं नाही, काऊन का तुमच्या पोटात राहत नाही. आता दारात हे सगळं पाहून ते काय म्हणतीन?"

आईची तब्येत उत्तम होती, हे मला तेव्हा कळलं. माझी बिघडली.

मी गाडीला किक मारली. कळंबच्या लोकांना नेरला जायचं तर यवतमाळवरूनच जावं लागतं. म्हणजे ते माझ्या पुढे होते की मागे? काचेवर कळंबच्या चिंतामणी गणपतीचं चित्र असलेली प्रत्येक गाडी मला त्यांचीच वाटू लागली आणि आमच्या जिल्ह्यात तर निम्म्या गाड्यांवर चिंतामणी असतो! मी प्रत्येक गाडीत डोकावून पाहत ओव्हरटेक करत होतो. एका बाईनं घाबरून काच वर घेतली. मध्येच वर्षाचा फोन. "मंडप लागला! गंमत हाये म्हटलं तं कोणी आयकूनच नाही राह्यलं!" पुन्हा फोन. "शेठजी स्वतः आले, बाबाले हार घातला!" बाबा काय म्हणाले, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नेरच्या अलीकडे एका टपरीजवळ एका पांढऱ्या गाडीनं मला हात दाखवला. आत फेट्याचे गृहस्थ, त्यांच्या मांडीवर मिठाईचा डबा, मागे एक गोरटेला मुलगा नुकतीच दाढी केलेला.

"भाऊ, जिनिंगमध्ये होते त्या मामाजींचं घर कोणीकडं?" गृहस्थ म्हणाले. "फोन दाखवते रस्ता, पण माणसाले इचारलेलं बरं."

हेच ते! मी तिथंच पाय धरून सगळं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण माझ्या डोक्यात फक्त वेळ मिळवायचा विचार होता. मी त्यांना बाजारातून, मग पाण्याच्या टाकीला वळसा घालून, मग शेतातल्या कच्च्या रस्त्यानं असा मार्ग सांगितला की त्या वाटेनं मामाजीसुद्धा आपल्या घरी पोहोचले नसते.

"लय उपकार झाले भाऊ," ते म्हणाले. त्यांनी मला डब्यातला पेढाही दिला. तो खिशात टाकून मी गाडी पळवली.

मी घरी पोहोचलो तर पुढे रफिकभाई गंजात भात शिजवतायत, शेठजी खुर्चीवर, मामाजी गळ्यात हार घालून भिंतीला टेकलेले. आणि अंगणभर रांगोळी! जिनिंगमधल्या बायांनी गुलाबी रंगात लिहिलं होतं, 'सोनल व अमोल'. शेजारी दोन मोर.

मी काही न बोलता बुटानं 'अमोल' पुसायला लागलो.

"ओ जवाईबापू! हे काय करून राह्यले?" एक बाई ओरडली. "अपशकुन व्हते ना!"

"मावशी, हा मुलगा नाहीच!"

"नाही म्हणजे? पळाला का?"

'पळाला' हा शब्द मांडवभर पोहोचायला क्षणही लागला नाही. एक आजी सोनलला पोटाशी धरून रडायला लागली. शेठजी उभे राहिले. "कोण हाये तो पुसदचा? आता जीप काढतो!" रफिकभाईंनी झारा उचलला. चार जण पुसदला जायला तयार झाले, एका अशा मुलाला पकडायला, जो मी चहा पिता पिता तयार केला होता!

आणि त्याच क्षणी दारात पांढरी गाडी थांबली. चाकं चिखलानं भरलेली.

कळंबचे काका उतरले. त्यांनी मांडव पाहिला. रडणारी आजी पाहिली. रांगोळीत 'सोनल व अ' पाहिलं. मग मला पाहिलं, एक पाय मोरावर.

"हाच तो!" ते म्हणाले. "यानंच आमाले वावरात धाडलं!"

मामाजींच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. सोनल आतल्या दारात उभी होती, नवी साडी, हातात पाण्याचा तांब्या. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याहून भयंकर काहीतरी होतं.

"चाल रे निखिल," काका मुलाला म्हणाले, "इथं आपलं काम नाही."

तेव्हा मी बोललो. सगळ्यांसमोर, एका दमात. खोटी पत्रिका, चाचणी, करार, कोटवाला, सगळं. 

"म्हणजे तुमचा धंदा काय?" काकांनी विचारलं.

"लोकांना फसवणुकीपासून वाचवणं," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. हे फार वाईट होतं.

मग सोनल पुढे आली. तिनं तांब्या काकांच्या हातात दिला आणि सरळ म्हणाली, "काका, अमोल नावाचा कोणी नाही. आमच्या घरात व्हायरस एकच हाये, अन् त्याचं लगन माह्या बहिणीशी झालं हाये. त्यापायी मले कायले सोडता? इचारायचं ते मले इचारा."

निखिलनं हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्यानं रफिकभाईंचा मोबाइल मागून तो मेसेज पाहिला आणि बापाला म्हणाला, "बाबा, मेसेज खोटा हाये. पण एवढे लोक काम टाकून आले, ते तं खरे हायेत ना? असं घर कुठं भेटते?"

काकांनी गंजाकडे पाहिलं. मग त्यांनी पायातले जोडे काढले. 

सतरंज्या होत्याच, भात होता, माणसं होती. पोरगा-पोरगी आत बसून बोलले, बाहेर आले आणि त्याच दुपारी साक्षगंध झालं! बायांनी मी पुसलेल्या जागी 'निखिल' लिहिलं. मोर मात्र एकच उरला होता.

जेवताना मी हळूच शेठजींजवळ सरकलो. "शेठजी, ते कराराचं..."

"कोणता करार?" शेठजी वरणात भात कालवत म्हणाले. "माह्या एकाही माणसानं तुही फाईल उघडली नाही. सगळे घरी येऊन पाहून गेले. मंग तू मले कायले पाह्यजे?"

यावर कोटवाल्याचा एकही व्हिडिओ नव्हता.

लग्न ठरलं ते पुढच्या महिन्यात. मोबाइलवर खरी पत्रिका गेली आणि नेरमधून मामाजींना फोन सुरू झाले. "मामाजी, हे खरं हाये, का जवाईबापूचं?" शेवटी मामाजी अक्षता घेऊन घरोघरी निघाले. गाडी चालवायला मी. पहिल्याच घरी त्यांच्यामागून मीही आत शिरलो, तशी घरमालकीण अक्षता घ्यायला पुढे केलेला हात मागे घेऊन म्हणाली, "थांबा मामाजी, आधी कळंबले फोन लावून पाहू द्या."

त्यानंतर गावभर मी गाडीवरच बसून राहिलो, हेल्मेट न काढता.